जे. पी. नगरची तळी आणि पक्ष्यांचा काठ

आजचा विषय आहे शहरातल्या नदीकाठचे पक्षी, आणि मी बोलतोय जे. पी. नगरमधून. म्हणजे अशा शहरातून, जिथे नदी दिसतच नाही. पुण्याच्या माणसाला मुळा-मुठा दिसते, नाशिककराला गोदावरी, सांगलीकराला कृष्णा, बडोदेकराला विश्वामित्री. बंगळुरूचा माणूसही रोज चार पूल ओलांडतो, पण त्या पुलांखालून रस्ताच वाहत असतो. म्हणून इथे नदीकाठचे पक्षी शोधायचे तर आधी नदी कुठे गेली ते शोधावं लागतं. ती गोष्ट पक्ष्यांइतकीच रंगतदार आहे.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पाणलोटाच्या धारेवर वसलेलं आहे. घराच्या कौलारू आढ्यावर पडलेला पाऊस जसा दोन्ही पाख्यांवरून उतरतो, तसं इथलं पाणी उतरतं. पश्चिमेकडचं वृषभावतीत जातं, तिथून अर्कावतीत आणि शेवटी कावेरीत. पूर्वेकडचं दक्षिण पिनाकिनीत, जिला तमिळनाडूत पोन्नैयार म्हणतात. वृषभावतीचा उगम बसवनगुडीच्या मोठ्या नंदीजवळ मानला जातो, जे. पी. नगरपासून तो काही फार लांब नाही. तेव्हा या शहराला नद्या नाहीत असं म्हणणं बरोबर नाही. इथे नद्या जन्मतात, आणि नुकत्या जन्मलेल्या नदीला कोणी नदी म्हणत नाही, ओढा म्हणतात. पावसाळ्यात चार महिने वाहायचं आणि मग कोरडं पडायचं, एवढंच त्या ओढ्यांचं आयुष्य.

अशा प्रदेशात शेती करायची असेल तर एकच उपाय होता. ओढ्याला मातीचा बांध घाला, पाणी अडवा, जास्त झालं की ते सांडव्यावरून खालच्या बांधाकडे जाऊ द्या. त्याखाली आणखी एक बांध, त्याखाली आणखी एक. कन्नडमध्ये मोठ्या तळ्याला केरे म्हणतात, लहानाला कट्टे, त्याहून लहानाला कुंटे. सांडवा म्हणजे कोडी. तळ्यातून शेताला पाणी सोडायची जी मोरी असते ती तूबु, आणि ती उघडायची-लावायची जबाबदारी ज्याची तो नीरगंटी. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी जाणार हे तो ठरवायचा, त्यामुळे गावात त्याला मान होता आणि शिव्याही भरपूर मिळत असणार. जे. पी. नगरच्या शेजारी कोणनकुंटे नावाची वस्ती आहे. कोण म्हणजे रेडा, कुंटे म्हणजे लहान तळं. आपल्याकडच्या कुंटे आडनावाशी त्याचा संबंध जोडू नका. पण आपला कट्टा आणि कन्नड कट्टे यांची ओळख मात्र जुनी असावी, असं मला ते शब्द ऐकताना नेहमी वाटतं.

ही व्यवस्था किती जुनी आहे? इथून काही किलोमीटरवर आगर नावाचं गाव होतं, आज ते शहराच्या पोटात आहे. तिथे गंग राजांच्या काळातला, नवव्या शतकातला शिलालेख सापडला आहे आणि त्यात तळ्यांना मोऱ्या बसवल्याचा आणि नवं तळं बांधल्याचा उल्लेख आहे. त्याबदल्यात बांधणाऱ्याला बित्तुवट्ट म्हणजे तळ्याखालच्या जमिनीचा हक्क मिळाला. केंपेगौडाने बंगळुरू वसवलं ते १५३७ मध्ये, म्हणजे तळी शहरापेक्षा सहाशे-सातशे वर्षांनी जुनी. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे ठाणं जिंकलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढची सुमारे पन्नास वर्षं इथे मराठ्यांचा अंमल होता. आपण त्या काळाबद्दल बोलतो तेव्हा किल्ला, दरबार आणि लढाया यांच्याबद्दल बोलतो. पण जहागिरीचं उत्पन्न यायचं कुठून? धान्यातून. आणि धान्य यायचं तळ्याखालच्या ओलीतातून. इतिहासाच्या पुस्तकात तळ्याला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

आता पक्षी. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. हे तळं वर्षभर सारखं भरलेलं नसायचं. पावसाळ्याच्या शेवटी ते तुडुंब असायचं. मग मोरी उघडली की पाणी रोज थोडं थोडं उतरत जायचं. उन्हाळ्यात तळाशी चिखल उरायचा, कधी तोही वाळायचा. शेतकरी गाळ खणून शेतात घालायचे, कुंभार आणि विटा पाडणारे माती न्यायचे, उरलेल्या हिरवळीवर गुरं चरायची. एका वर्षात ते तळं खोल सरोवरही व्हायचं, दलदलही व्हायचं आणि कुरणही व्हायचं.

आणि नेमका हा उतरता काठच पक्ष्यांचं घर आहे. पाणपक्ष्यांची वाटणी रंगावरून नव्हे, पायांच्या आणि चोचींच्या लांबीवरून झाली आहे. तुतवार बोटभर पाण्यात किंवा नुसत्या ओल्या चिखलात चालतो. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांमुळे वीतभर पाण्यात जाऊ शकतो. बगळा त्याहून थोडा पुढे. हळदी-कुंकू बदक, ज्याच्या चोचीच्या टोकाला हळद आणि कपाळाशी कुंकू लावल्यासारखे ठिपके असतात, ते पाण्यात डोकं खाली आणि शेपटी वर करून तळातलं खाणं उचलतं, म्हणजे त्याची मान पोचेल एवढंच पाणी त्याला चालतं. टिबुकली, वारकरी, पाणकावळा आणि तिरंदाज हे बुडी मारणारे, त्यांना खोल पाणी चालतं. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्या थापट्या, तलवार बदक, भुवई बदक यांनाही उथळच पाणी लागतं. डिसेंबरमध्ये ते इथे पोचायचे तेव्हा शेतकऱ्याने मोरी उघडलेली असायची आणि काठ उघडा पडू लागलेला असायचा. नीरगंटीने भातासाठी पाणी सोडलं, त्याच्यावर सायबेरियातून आलेला पाहुणा जेवला. त्याला ते माहीतही नसेल.

सलीम अलींनी १९३९-४० मध्ये म्हैसूर संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. ती पुढे त्यांनी आणि ह्यू व्हिसलर यांनी मिळून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याच सुमारास, १९४० मध्ये, त्यांच्या सांगण्यावरून म्हैसूरच्या महाराजांनी श्रीरंगपट्टणजवळच्या कावेरीतल्या रंगनतिट्टू बेटांना संरक्षण दिलं. ही बेटं कशी झाली? सतराव्या शतकात कावेरीवर शेतीसाठी बंधारा घातला, पाणी पसरलं, त्यातून बेटं वर राहिली. महाराष्ट्रातलं नांदूरमधमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्यांसाठी बंधारा झाला. त्यात वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, दलदल तयार झाली आणि पक्षी आले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. म्हणजे पाटबंधारे खात्याच्या हिशेबात ज्याला नुकसान म्हणतात, तो गाळच तिथल्या पक्ष्यांची पुंजी आहे. शेतीसाठी केलेल्या कामाची पक्षी ही उपउत्पत्ती आहे, असं मी म्हणतो तेव्हा काही पक्षिमित्र नाराज होतात. पण दख्खनच्या पठारावर मोठं नैसर्गिक सरोवर शोधायला निघालात तर लोणारपाशी थांबावं लागेल, आणि ते तर उल्केने केलेलं विवर आहे.

बंगळुरूचं तळ्याशी असलेलं नातं तुटलं ते नळामुळे. १८९६ मध्ये हेसरघट्टाहून शहराला नळाने पाणी आलं. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला. १९७४ मध्ये तर कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून पंपांनी वर चढवून आणलं. नळाला पाणी आलं की तळ्याची गरज संपते, आणि तळ्याखालची शेती गेली की नीरगंटीची. मग उरते ती सपाट, मोकळी, सरकारी जमीन. केंपेगौडाच्या परंपरेतलं धर्मांबुधी तळं आज मॅजेस्टिकचा बसथांबा आहे. मुंबई-पुण्याहून बसने आलेला प्रत्येक मराठी माणूस त्या तळ्याच्या तळाशीच उतरतो. संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम आहे. हे काही चोरून झालं नाही. डबकी आणि डास म्हणजे रोगराई, आणि क्रीडांगण व बसस्थानक म्हणजे प्रगती, असं मानणाऱ्या शहाण्या लोकांनी ते केलं. त्यांना आज सरसकट खलनायक ठरवणं सोपं आहे, पण मलेरिया त्या काळी खरोखर माणसं मारत होता हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

जे. पी. नगर हे जयप्रकाश नारायणांच्या नावाचं. सरक्की, पुट्टेनहळ्ळी, जरगनहळ्ळी अशा खेड्यांच्या जमिनींवर ते टप्प्याटप्प्याने उभं राहिलं, त्या टप्प्यांना इथे फेज म्हणतात. पत्ता सांगताना फेज सांगितली नाही तर रिक्षावाला पुढे सरकत नाही. खेड्यांची शेतं प्लॉट झाली, पण तळी प्लॉट होऊ शकत नव्हती, निदान कागदावर तरी. त्यामुळे शेतं गेलेली आणि तळं उरलेलं, अशी विचित्र अवस्था आली. तळ्याचा मालक सरकार होतं आणि वापर करणारा कोणीच नव्हता. १९८० च्या दशकात एन. लक्ष्मण राव यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तिने सांगितलं की आहेत ती तळी मोडू नका, सांडपाणी वळवा, गाळ काढा, काठाला झाडं लावा. शिफारशी चांगल्या होत्या. पण आजूबाजूला नळ आणि गटार पोचायच्या आधीच इमारती पोचल्या होत्या, आणि ज्याला गटार नसतं ते उताराने तळ्याकडे जातं. पाऊस तळ्यापर्यंत नेणारे राजकालुवे, म्हणजे मूळचे पाण्याचे पाट, कुठे बुजले, कुठे सिमेंटच्या भिंतींत गेले, कुठे मैला वाहू लागले.

सरक्कीचं तळं सुमारे ८० एकरांचं, या भागातलं सगळ्यात मोठं. त्यातली तीसहून अधिक एकर जमीन घरांनी आणि इमारतींनी व्यापलेली होती. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून एप्रिल २०१५ मध्ये जिल्हा प्रशासनाने ती पाडली. ते दृश्य या भागातले लोक अजून विसरलेले नाहीत. अनेकांकडे घराच्या नोंदणीचे कागद होते, कराच्या पावत्या होत्या. तळ्याची जमीन कोणीतरी विकली, कोणीतरी नोंदवली, कोणीतरी त्यावर कर घेतला आणि शेवटी बुलडोझर आला तो फक्त शेवटच्या खरेदीदाराच्या दारात. तळं वाचायला हवं होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पक्ष्यांसाठी मोकळ्या झालेल्या त्या जागेची किंमत कोणी भरली, हे त्या जागेवर सकाळी फिरायला जाणाऱ्याला माहीत असावं.

पुट्टेनहळ्ळीचं तळं मात्र लहान, सुमारे १३ एकरांचं, जे. पी. नगरच्या सातव्या फेजमध्ये. इंटरनेटवर शोधताना घोटाळा होतो, कारण शहराच्या दुसऱ्या टोकाला येलहंक्यातही पुट्टेनहळ्ळी तळं आहे आणि त्याला २०१५ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आपण बोलतोय ते दक्षिणेकडचं. ते जवळजवळ मेलं होतं. कचरा, राडारोडा, काठावर झोपड्या, आणि चारही बाजूंनी इमारती उठल्याने पाऊस आत यायची वाट बंद. लेखिका उषा राजगोपालन आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी २०१० मध्ये एक विश्वस्त संस्था स्थापन केली, आणि २०११ मध्ये बंगळुरू महापालिकेने देखभालीचं काम कराराने त्यांच्याकडे दिलं. नागरिकांच्या संस्थेकडे तळं सोपवण्याची ती या शहरातली अगदी सुरुवातीची घटना.

गाळ निघाला, कुंपण झालं, पायवाट झाली, झाडं लागली. पाणी मात्र नव्हतं. तळ्याचा पाणलोटच इमारतींखाली गेला होता. पाऊस पडला तेवढं भरायचं आणि उन्हाळ्यात तळ दिसायचा. आता बघा, शंभर वर्षांपूर्वीही उन्हाळ्यात तळ दिसायचाच, आणि तेव्हा ते कोणाला वाईट वाटत नव्हतं. पण आज कोरडा तळ म्हणजे मोकळा प्लॉट. भरलेल्या तळ्यावर कोणी घर बांधत नाही. म्हणून पाणी असणं ही पक्ष्यांची गरज असण्याआधी तळ्याच्या अस्तित्वाची गरज झाली. २०१५ च्या सुमारास शेजारच्या मोठ्या गृहसंकुलातलं शुद्ध केलेलं सांडपाणी तळ्यात सोडायला सुरुवात झाली. म्हणजे कावेरी शंभर किलोमीटरवरून चढून वर येते, कोणाच्या तरी न्हाणीघरातून जाते, यंत्रातून साफ होते आणि पुट्टेनहळ्ळीच्या तळ्यात जांभळ्या पाणकोंबडीच्या पायाखाली येते. नदीकाठचा पक्षी इथे खरोखरच नदीकाठी राहतो, फक्त नदी नळातून आलेली आहे.

शुद्ध केलेल्या सांडपाण्यातही नत्र आणि स्फुरद उरतात. ते वनस्पतींचं खत. म्हणून तळ्यावर पाणवेली, लव्हाळे, पाणकणीस भराभर माजतात आणि ते काढण्यात स्वयंसेवकांचा आणि मजुरांचा वर्षातला बराच वेळ जातो. काढलं नाही तर पाणी झाकलं जातं. सगळं काढलं तर वारकरी आणि पाणकोंबडी घरटं कुठे करणार? कुठे थांबायचं, हे रोज ठरवावं लागतं. त्यासाठी पुस्तक नाही, बघणारा माणूस लागतो. मला तर वाटतं नीरगंटीचं पद या शहरात परत आलं आहे, फक्त पगार आणि शिव्या यांचं प्रमाण बदललं आहे.

शंभराहून अधिक जातींचे पक्षी या १३ एकरांत नोंदले गेले आहेत. त्यात झाडांवरचे, हवेतले, एखाद्या सकाळी टेकून गेलेले सगळे आले, म्हणून आकडा ऐकून हुरळायचं नाही. रोजचे म्हणजे वारकरी, जांभळी पाणकोंबडी, टिबुकली, हळदी-कुंकू, पाणकावळे, ढोकरी, खंड्या. आणि कधीतरी झोळीवाला. या पक्ष्याला इंग्रजीत पेलिकन म्हणतात. मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करे बेळ्ळूर गावात तो घरांच्या अंगणातल्या झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या घरटी करतो आणि गावकरी त्याला माहेरवाशिणीसारखं सांभाळतात. गेल्या काही दशकांत तो बंगळुरूच्या तळ्यांवर सर्रास दिसू लागला. लोक खूष होतात. एवढा मोठा पक्षी, फोटो सुंदर येतो. म्हणतात, बघा, तळं सुधारलं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. झोळीवाला आला याचा अर्थ पाणी खोल आहे आणि त्यात मासे आहेत. एवढंच. त्यावरून तुतवाराचं काय झालं ते कळत नाही. या शहरात तळं सुधारायची एक ठरलेली पद्धत पडून गेली आहे. यंत्रांनी सगळा गाळ उपसायचा, त्याच मातीचा गोल बांध करायचा, बांधावर फिरायची वाट, आणि वाटेपासून पाण्यापर्यंत दगडी उतार. इथले जाणकार अशा तळ्याला सूपचा वाडगा म्हणतात. आपण वरण-भाताची माणसं, आपण कढईही म्हणू शकतो. कढईत एकतर खोल पाणी असतं नाहीतर काहीच नसतं. बोटभर, वीतभर, हातभर अशी पायरी त्यात उरत नाही. बुडी मारणाऱ्यांची सोय होते आणि चालणाऱ्यांची जागा जाते. शेकाट्या, तुतवार, पाणलावा, हिवाळी बदकं यांचा काठ आपण फिरायच्या वाटेला दिला. आणि त्यांची अनुपस्थिती कोणाला जाणवत नाही, कारण झोळीवाला पोहत असतो.

पुट्टेनहळ्ळीला हे पुरतं टळलं असं मी म्हणणार नाही. १३ एकरांत वाटही हवी, कुंपणही हवं, लहान मुलांना पाणी दिसायलाही हवं. वाट नसती तर शेजाऱ्यांना तळं आपलं वाटलं नसतं, आणि आपलं वाटलं नसतं तर ते आज इमारतीखाली असतं. पण सरक्कीसारख्या ८० एकरांच्या तळ्यात एक बाजू उथळ आणि माणसांना बंद ठेवायला जागा नाही, हे मला पटत नाही. जुन्या तळ्यांची रचनाच तशी होती. बांधाकडे खोल, आणि ओढा जिथून आत येतो तिथे दूरवर उथळ. गोल वाट घातली की तो उथळ शेपटीचा भाग आधी जातो.

हा वाद फक्त इथला नाही. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी, येरवड्याजवळ, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणून ओळखली जाणारी जागा आहे. दाट झाडी, खडक, चिखलाची बेटं आणि प्रदूषित पाणी. प्रकाश गोळे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या नदीच्या पक्ष्यांचा अभ्यास करून लेख लिहिला, त्याचं शीर्षकच प्रदूषित नदीचे पक्षी अशा अर्थाचं होतं. नदी घाण झाली म्हणजे पक्षी संपतात असं सरळ गणित नसतं. काही जातात, काही वाढतात. घाणीवर पोसणाऱ्या किड्यांवर शेकाट्या चांगला जगतो, नितळ पाण्यातला मासा टिपणाऱ्या सुरयचं कठीण होतं. त्यामुळे नुसती संख्या मोजली तर नदी ठणठणीत वाटते. नदीकाठ सुधारणेचा जो प्रकल्प पुण्यात मार्च २०२२ पासून चालू आहे, त्यात सुमारे ४४ किलोमीटर काठ येतो. पुण्याचा वाद मुख्यतः झाडं तोडण्यावरून गाजला, आणि ते स्वाभाविक आहे, कारण तोडलेलं झाड दिसतं. बुजलेली चिखलपट्टी दिसत नाही. तिच्यासाठी मिठी मारायला कोणी जात नाही, मिठी मारणार कशाला?

इंदूरच्या मंडळींना सिरपूर तलाव माहीत असेल. होळकरांच्या काळातला, अतिक्रमणांनी आणि मैलापाण्याने घेरलेला. चित्रकार आणि छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे सोबती त्याच्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. मोंढे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०२२ मध्ये सिरपूर रामसर यादीत गेला. जे. पी. नगर आणि सिरपूर यांत मला एक साम्य दिसतं. दोन्हीकडे कामाला लागलेली माणसं पक्षिशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. एक कादंबरीकार, एक चित्रकार. दोघांनाही रोज एकाच जागेकडे बघायची सवय होती, आणि त्या सवयीमुळे काय कमी होत चाललंय ते त्यांना खात्यांच्या आधी कळलं.

तर काम सांगतो. दर वर्षी जानेवारीत, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे आणि बंगळुरूचे पक्षिनिरीक्षक सुरुवातीच्या काळापासून त्यात आहेत. तुमच्या गावातल्या तळ्यावर, धरणाच्या फुगवट्यावर, नदीच्या डोहावर तुम्ही मोजू शकता. मोजताना नुसती संख्या लिहू नका. पक्षी किती खोल पाण्यात होता तेही लिहा. पाय दिसत होते का? गुडघ्यापर्यंत बुडाले होते का? की नुसतं पोहणारं अंग दिसत होतं? एका पानावर तीन रकाने पाडा, चिखलातले, उथळातले, खोलातले. पाच वर्षं सलग भरा. पहिला रकाना रिकामा होत चालला असेल तर पालिकेच्या अभियंत्याला दाखवायला तुमच्याकडे कागद असेल. अभियंते कागद वाचतात, हा माझा अनुभव आहे, विशेषतः त्यात आकडे असले तर.

वारकरी मोजताना एक युक्ती. हे काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी थव्याने असतात आणि सारखे बुडी मारतात, त्यामुळे एक-एक मोजायला गेलात तर गणित चुकतं. दहांचा एक घोळका डोळ्यांत बसवा आणि तेवढे घोळके मोजा. तीनदा मोजा, मधला आकडा घ्या. सूर्य पाठीशी ठेवा. आणि सकाळी आठच्या आत उरका, त्यानंतर पायवाटेवर गर्दी होते आणि पक्षी तळ्याच्या मध्यावर सरकतात.

पुढच्या भागात कोक्करे बेळ्ळूरला जाऊ. तिथल्या अंगणातल्या चिंचेच्या झाडांची गोष्ट आहे.